फेड कोणाची, कोणाला?

मराठीत घेण्यादेण्याचे शब्द पुष्कळ आहेत. कर्ज फेडतात, उसने परत करतात, उपकाराची जाणीव ठेवतात, आईबापांचे पांग फेडतात. आणि काही ऋणांतून उतराई होताच येत नाही, असेही आपण म्हणतो. यांपैकी पहिल्या दोन व्यवहारांत कोणाला काय परत करायचे, हे स्पष्ट असते. ज्याच्या घरून पायलीभर ज्वारी आणली, त्याच्याच घरी ती सुगीनंतर पोचवायची. उपकाराचे तसे होत नाही. उपकार करणारा पुष्कळदा अनोळखी असतो, दूरचा असतो, किंवा आपल्याला ऐपत येईपर्यंत तो हयातही राहत नाही. मग त्या उपकाराचे पुढे काय होते? तो तिथेच जिरून जातो, की तिसऱ्याच कोणाकडे वळतो?

हा प्रश्न वरवर नीतिकथेचा वाटतो. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत जीवशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ तो गंभीरपणे विचारीत आले आहेत. प्रयोगशाळेत त्याची उत्तरे शोधायला मर्यादा पडतात, कारण प्रयोग तासाभरात संपतो आणि उपकाराची फेड व्हायला कधी कधी वीस वर्षे लागतात. अशा वेळी इतिहास उपयोगी पडतो. म्हणून या लेखात आपण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या परिसरात जाऊ, आणि तिथे घडलेली एक हकीकत या प्रश्नाच्या अंगाने तपासू.

दोन ओळखीचे हिशेब

हा सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरवर येतो. आज घोड आणि भीमा या नद्यांवरची धरणे, कालवे आणि ऊस यांमुळे बऱ्याच गावांचे रूप पालटले आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र एक पावसाळा हुकला की घरातले धान्य संपे आणि कुणब्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागे. असे दार बहुधा दोन प्रकारचे असे.

पहिले दार सावकाराचे. तिथे मदत मिळे ती कागदावर अंगठा उठवून. व्याज मुद्दलाच्या वर जाई आणि जमीन गहाण पडे. १८७५ मध्ये या हिशेबाचा कडेलोट झाला. शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने आपल्या सावकारावर बहिष्कार घातला होता. पुढे १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. आजच्या दौंड तालुक्याचा भाग तेव्हा याच भीमथडीत मोडत असे. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या हस्तगत करून जाळण्यावर होता. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून प्रसिद्ध आहेत. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

दुसरे दार शेजाऱ्याचे. नांगरट खोळंबली की गावातले शेतकरी आपापली औते आणि बैल घेऊन एकाच्या शेतावर जमत, दिवसभरात काम उरकत, आणि तो शेतकरी सगळ्यांना जेवू घाली. याला इर्जिक म्हणतात. दोघा-तिघांनी बैल आणि मनुष्यबळ एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची शेते करायची, ती सावड. इथे कागद नसतो, व्याज नसते. पण हिशेब असतोच. जो दुसऱ्याच्या इर्जिकीला जात नाही, त्याच्या शेतावर कोणी फिरकत नाही.

इर्जिकीत आणि सावडीत दिसते ते परस्पर साहाय्य. 'आज मी तुला, उद्या तू मला' असा हा व्यवहार असून प्रत्युपकार हा त्याला चपखल शब्द आहे. निसर्गात तो माणसापुरताच नाही. रॉबर्ट ट्रिव्हर्स या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये त्याची उत्क्रांतीच्या अंगाने मांडणी केली. १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी रक्तपिपासू वटवाघळांत असे पाहिले की, रात्री उपाशी राहिलेल्या वटवाघळाला ठाण्यावरचे सोबती आपल्या पोटातले रक्त ओकून भरवतात, आणि हे सोबती बहुधा नात्यातले किंवा नेहमीच्या संगतीतले असतात. सोबती तेच ते असले आणि पुन्हा पुन्हा भेटणार असले, की प्रत्युपकार टिकतो. गाव ही अशीच जागा आहे.

पण ज्याची पुन्हा भेट होणार नाही, त्याच्या उपकाराचे काय? त्यासाठी आपल्याला तिसरा हिशेब पाहावा लागेल. तो आहे केडगावचा.

बाजरीच्या भाकरीचा तुकडा

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागते. दौंड तालुक्यातील या गावी पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'मुक्ती' ही वसाहत उभारली. आपल्या पाठ्यपुस्तकांत रमाबाईंचा उल्लेख विदुषी आणि समाजसुधारक म्हणून येतो. त्या स्वतः दुष्काळातून वाचलेल्या होत्या, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. आपल्या प्रश्नासाठी तीच महत्त्वाची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने रमाबाईंना. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगे व मिळेल त्या दक्षिणेवर जगे. १८७० च्या दशकातील दुष्काळात दक्षिणा बंद झाली. भांडीकुंडी, दागिने विकून झाले. विद्वान ब्राह्मणाने मोलमजुरी करावी किंवा भीक मागावी, हे वडिलांच्या मनाला पटण्यासारखे नव्हते. कुटुंबाने रानातला पाला आणि बोरे खाऊन दिवस काढले. आधी वडील, मग आई, पुढे थोरली बहीण अशी माणसे गेली. उरले दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

आईच्या अखेरच्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या दुष्काळाच्या आठवणींत लिहिला आहे. तापाने आणि उपासाने खंगलेल्या आईने भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागायची लाज वाटून तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे भरून आले. त्या बाईने ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन त्या धावत आईकडे आल्या. पण खाण्याइतके त्राण आईत उरले नव्हते.

या प्रसंगाचा हिशेब मांडून पाहू. दिलेली वस्तू भाकरीचा एक तुकडा. ज्या कामासाठी दिली, ते काम झाले नाही. देणारीचे नाव आपल्याला माहीत नाही. तिची परत गाठ पडण्याचा संभव नव्हता, आणि पडली असती तरी भाकरीच्या तुकड्याची फेड भाकरीच्या तुकड्याने होत नाही. सावकाराच्या वहीतही हा व्यवहार बसत नाही आणि इर्जिकीच्या रिवाजातही बसत नाही. तरी तो वीस वर्षे स्मरणात राहिला.

यानंतर बहीणभावांनी जवळजवळ सारा देश पायी पालथा घातला. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून ती झोपली आहेत. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये पतीचेही पटकीने निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापला.

पाहिलेला उपकार

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठाने त्यांना आश्रय दिला आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. या काळातील एक अनुभव त्यांनी आवर्जून नोंदवला आहे. याच भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे एक केंद्र होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे ठेवून घेऊन त्यांची सेवा केली जाई. अशा स्त्रियांशी कोणी ममतेने वागू शकते, हे रमाबाईंनी तोवर पाहिले नव्हते. त्या फार प्रभावित झाल्या.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. फुलमला झालेला उपकार रमाबाईंवर झालेला नव्हता. तो त्यांनी दुसऱ्यावर होताना फक्त पाहिला. दुसऱ्याचा चांगुलपणा पाहूनही माणसाच्या मनात तसेच काही करण्याची ओढ निर्माण होते. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने २००० सालाच्या सुमारास या भावनेकडे संशोधकांचे लक्ष वेधले. रमाबाईंनी पुढे केडगावात 'कृपा सदन' काढले, ते अशाच टाकलेल्या स्त्रियांसाठी. फुलम ते केडगाव अशी ही वाट सरळ आखून दाखवता येते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी त्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंना अमेरिकेत बोलावले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. गावोगावी मंडळे निघाली. सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले.

वर्षाला एक डॉलर देणाऱ्या त्या बायकांना हिंदुस्थानातून काहीच परत मिळणार नव्हते. त्यांची मदत दहा वर्षांनी संपणार, हे रमाबाईंनाही ठाऊक होते. म्हणून संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी, फळबागेचे उत्पन्न मिळावे, या हेतूने त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली.

केडगाव

१८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंनी लिहिले आहे की, पहिल्यांदा त्यांचे मन कचरले. पैसा नव्हता, जागा नव्हती, शारदा सदनाचाच व्याप मोठा होता. पण वीस वर्षांपूर्वीचे आपले उपासाचे दिवस त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रांतून तरुण मुलींची होणारी विटंबना त्यांनी पाहिली, आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना. बागेसाठी घेतलेली केडगावची माळजमीन या वेळी कामी आली. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती, असे तिथे एक गावच वसले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या २,००० च्या घरात गेली.

दुष्काळातून आलेल्या मुलीला नुसते अन्न देऊन भागत नाही. ती आजारी असते, बुजलेली असते, कधी हिंसक असते. मिळालेली भाकरी ती उशाखाली लपवते, कारण उद्या मिळेल यावर तिचा विश्वास नसतो. एवढ्या मुलींची शुश्रूषा कोणी केली? त्या कामात शारदा सदनात शिकून तयार झालेल्या स्त्रिया पुढे होत्या. कालपर्यंत ज्यांना आसरा मिळाला होता, त्या आता शिक्षिका आणि मावशी झाल्या. आधी आलेल्या मुलींनी मागून येणाऱ्यांना सांभाळायचे, अशी रीत पडली. विणकाम, तेलघाणा, शेती, दूधदुभते, छापखाना असे उद्योग चालू झाले. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. मनोरमाबाई १९२१ मध्ये आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

साखळीचे आणखी दुवे

शारदा सदन मुंबईत निघाले, तेव्हा त्यात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. लहानपणीच वैधव्य आलेल्या या मुलीला तिचे भाऊ नरहरपंत यांनी तिथे आणले. नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि त्या आनंदीबाई कर्वे, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. मुरूड गावाने या विवाहाबद्दल कर्व्यांवर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० मध्ये तो हिंगण्यास गेला. शारदा सदनाचे काम कर्व्यांच्या डोळ्यांसमोर होते. आश्रमासाठी बायाही वर्गणी गोळा करीत हिंडल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या हिंगण्याच्या आश्रमात शिकल्या, तिथेच काम करू लागल्या, आणि आश्रमासाठी निधी मिळवायला थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. १९१६ मध्ये याच परंपरेतून महिला विद्यापीठ उभे राहिले.

बॉस्टनच्या कोण्या बाईचा एक डॉलर गोदूबाईंच्या शिक्षणाला लागला. गोदूबाईंनी तो डॉलर बॉस्टनला परत पाठवला नाही. त्यांनी तो हिंगण्यात फेडला.

विज्ञान काय सांगते?

'अ'ने 'ब'ला मदत केली आणि 'ब'ने 'क'ला, अशा साखळीचा उत्क्रांतिशास्त्रज्ञांनी गणिताने विचार केला आहे. रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी १९८९ मध्ये दाखवले की, अशी साखळी फक्त अगदी लहान समूहात तग धरू शकते. समूह मोठा झाला, की घेऊन गप्प बसणाऱ्यांचे फावते आणि साखळी तुटते. २००७ मध्ये मार्टिन नोवाक आणि सेबॅस्टियन रॉक यांनी त्यात भर घातली. उपकार पुढे देण्याची प्रवृत्ती एकटी टिकत नाही. प्रत्युपकाराची किंवा शेजारपणाची जोड असली, तर टिकते. याचा अर्थ, इर्जिकीची सवय असलेल्या समाजात ही साखळी रुजण्याची शक्यता अधिक.

मानसशास्त्रज्ञांचे प्रयोगही पाहू. १९७२ मध्ये ॲलिस आयसेन आणि पॉला लेविन यांनी सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यात एक नाणे ठेवले. ज्यांना ते सापडले, त्यांपैकी बहुतेकांनी नंतर एका बाईचे सांडलेले कागद उचलायला मदत केली. ज्यांना सापडले नाही, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच केली नाही. हा प्रयोग फार गाजला. पण दोनच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. मोजकी माणसे घेऊन केलेल्या प्रयोगावर किती भिस्त ठेवावी, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे.

२००६ मध्ये मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डिस्टेनो यांनी अधिक काळजीपूर्वक प्रयोग केले. संगणकावर कंटाळवाणे काम करणाऱ्याचा पडदा मुद्दाम बंद पाडायचा. शेजारी बसलेली व्यक्ती, म्हणजे संशोधकांचीच माणूस, तो चालू करून देई. पुढे या सहभागींना कोणी मदत मागितली, की ते अधिक वेळ देत. मागणारा अनोळखी असला तरीही. पण 'तुम्हाला मदत त्या व्यक्तीने केली होती,' अशी आठवण त्यांना मुद्दाम करून दिली, की अनोळखी माणसाला मिळणारी जादा मदत नाहीशी होई. मनात कृतज्ञता भरलेली असते तेव्हा ती कोणाकडेही वाहते. 'फेड अमक्याची आहे' असा हिशेब जागा झाला, की ती आटते.

आणखी एक निष्कर्ष मनाला टोचणारा आहे. कर्ट ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे पाहिले की, औदार्यापेक्षा अप्पलपोटेपणा अधिक जोमाने पुढे जातो. ज्यांना अनोळखी माणसाकडून काहीच मिळाले नाही, त्यांनी पुढच्या माणसाच्या हाती फारच थोडे ठेवले. ज्यांना सगळे मिळाले, ते मात्र सरासरीने निम्म्यापर्यंतच गेले. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू होते तेव्हा काय घडते, हे आपल्याला ओव्यांतून आणि घराघरांतून ठाऊकच आहे.

हे ध्यानात घेतले की केडगावची हकीकत सोपी राहत नाही. रमाबाईंना लहानपणी जे मिळाले, त्यात उपेक्षाच जास्त होती. भाकरीचा तुकडा एक, आणि बंद दारे अनेक. नियमाप्रमाणे त्यांच्याकडून कठोरपणा पुढे जायला हवा होता. तसे झाले नाही, याचे आम्हाला दिसणारे कारण असे. स्मरण, ऐपत आणि जागा या तीन गोष्टी एकत्र आल्या. दुष्काळाचे स्मरण १८७७ पासून होते, पण तेव्हा हात रिकामे होते. ऐपत दिली ती वॉन्टेज आणि बॉस्टनच्या मदतीने. आणि चांगुलपणाला वाहण्यासाठी पाट लागतो. तो केडगावच्या शंभर एकरांनी दिला. बॉस्टनच्या मंडळांपासून हिंगण्यापर्यंत या साखळीतला प्रत्येक दुवा कोणत्या ना कोणत्या संस्थेत ओवलेला आहे. अप्पलपोटेपणाला पुढे जायला संस्था लागत नाही. औदार्याला ती बहुधा लागते.

उपकाराची किंमत

आता एक अवघड भाग. तो वगळला तर ही हकीकत गोड होईल, पण खरी राहणार नाही.

वॉन्टेजच्या भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला, शिकवले. त्याबरोबर धर्ममतांच्या बाबतीत रमाबाईंनी आपले ऐकावे, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मान्य केली नाही. त्यांचा हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला असून तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात रमाबाई वारंवार सांगतात की, आपण कृतज्ञ आहोत, पण सदसद्विवेक कोणाच्या हवाली करणार नाही. उपकार आणि आज्ञापालन यांच्यातला फरक त्यांनी पंचविशीच्या वयात, परक्या देशात, उपकारकर्त्यांच्या छपराखाली राहून स्पष्ट केला. कृतज्ञता म्हणजे होकार नव्हे.

हाच प्रश्न पुढे उलट बाजूने त्यांच्यासमोर उभा राहिला. शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले. आपण कोणावर सक्ती केली नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. पण १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावची वसाहत तर उघडपणे ख्रिस्ती होती आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपासमारीतून उचलून आणलेल्या मुलीला 'नाही' म्हणण्याची मोकळीक कितपत असते? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि आजच्या वाचकालाही तो बाजूला ठेवता येत नाही. त्याचबरोबर हेही खरे की, प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फारच थोडे जण त्या मुलींना आणायला मध्य प्रांतात गेले होते. कर्व्यांनी वेगळी वाट निवडली. सनातनी घरांनाही मुली विश्वासाने पाठवता याव्यात, असा आश्रम त्यांनी काढला. तिथली बंधने वेगळ्या प्रकारची होती. अगदी अटीविना दिलेली मदत इतिहासात क्वचितच सापडते.

शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये रोखे जाळले, कारण त्यांत मदतीची किंमत लिहिलेली होती. न लिहिलेली किंमत जाळता येत नाही. ती घेणाऱ्याच्या मनावर राहते आणि त्याला मिंधे करते. म्हणून देणाऱ्याने ती लावताना अधिक जपायला हवे.

शाळेत

शिक्षकांना हा विषय रोजच्या व्यवहारातला आहे. फी भरणे, जुनी पुस्तके देणे, घरी ठेवून घेणे, परीक्षेच्या वेळी डबा पुरवणे, हे आपल्याकडील असंख्य शिक्षक करीत आले आहेत. त्याबदल्यात विद्यार्थ्याने पाया पडावे, आपल्या मताविरुद्ध बोलू नये, ही अपेक्षा नकळत शिरते. वर सांगितलेला संगणकाचा प्रयोग इथे आठवावा. 'मी तुझ्यासाठी काय केले' याची आठवण करून दिली, की फेड आपल्याकडेच परत येऊ पाहते आणि पुढच्या मुलाकडे जाणारी वाट अडते.

आठवी-नववीच्या वर्गासाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे: तुमच्या शिक्षणाला किंवा अडचणीच्या काळात घराबाहेरच्या कोणी मदत केली होती का? त्याची परतफेड झाली का, आणि झाली तर कोणाला? नावे लिहू नयेत. फक्त बाण काढावेत. 'अ'कडून 'ब'कडे, 'ब'कडून कुठे. काही बाण उलटे वळून मूळ जागी येतील, तो प्रत्युपकार. काही पुढे जातील. काही मध्येच थांबतील. थांबलेल्या बाणांपाशी चर्चा करावी: आठवण नव्हती, ऐपत नव्हती, की द्यायला जागा नव्हती? सगळ्या वर्गाचे बाण एका मोठ्या कागदावर एकत्र काढले, की गावाचा एक वेगळाच नकाशा तयार होईल. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आजी-आजोबा मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करावी.